पहिला उकार

अल रीम आयलंड, अबू धाबी
१४ सप्टेंबर २०२४

प्रिय तुकाराम,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हॉट्सॲपवर तू सुनेकडून नुसता अंगठा पाठवतोस. मागच्या आठवड्यात मी चार परिच्छेद लिहिले, उत्तर म्हणून अंगठा. म्हटलं, आता कागदच काढावा. तुमच्या वाडीतला गणू सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत हे पत्र आणि मुक्ताबाईंसाठी खजूर देतोय. खजूर कमी भरला तर गणूला विचार.

बातमी अशी की हिरवी सुरू झाली. हो, आपलीच. तू गेल्यावर मीही शारजा सोडून इकडे अबू धाबीला आलो आणि ती तिथेच हमरियाच्या शेडमध्ये कव्हरखाली पडून राहिली. दर महिन्याला म्हणायचो, जाऊन बघू. साडेसहा वर्षं अशीच गेली. यंदा गेलो, कारण आता निघायचंय. फेब्रुवारीअखेर नोकरी संपते. एकतीस वर्षांचं चंबूगबाळं आवरून विभावरी आणि मी ठाण्याला जातोय. गाडी काही नेता येत नाही, ती इथल्याच एका हौशी माणसाला देऊन टाकायची ठरलीय.

पण त्याआधी एक गोष्ट आहे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी एका क्लबने बंद ट्रॅक घेतलाय आणि त्यात मला वीस-वीस मिनिटांच्या दोन पाळ्या मिळाल्यात. अकरा खोक्यांतून आलेली गाडी आपण दोघांनी सहा वर्षं शुक्रवारी-शुक्रवारी जोडली, आणि मी ती आजवर एकदाही चालवलेली नाही. या देशात माझी एवढी एकच इच्छा राहिलीय.

घोडं अडलंय ते बैठकीपाशी. मी आत बसलो की गुडघे स्टिअरिंगला लागतात. क्लच पूर्ण दाबायला पाय मोकळा होत नाही. आणि हेल्मेट घातलं की डोकं पाठीमागच्या लोखंडी बारच्या दोन बोटं वर जातं. क्लबचा तपासनीस म्हणाला, डोकं बारच्या खाली नसेल तर ट्रॅकवर सोडणार नाही. गाडी उलटली तर तो बारच वाचवतो, त्यामुळे त्याचं बरोबर आहे. विभावरी म्हणते, गाडी तीच आहे, माणूस सुटलाय. पोट सुटतं हे मान्य, पण साठीत माणूस उंच होतो का?

सीट तूच बसवलीस. मला तेलाच्या उलट्या डब्यावर बसवून फरशीवर खडूने रेघा मारल्या होत्यास आणि मापं वहीत लिहून घेतली होतीस. मग असं कसं झालं? काय करू ते कळव.

तुझा चहाचा टोप शेडमध्ये तसाच आहे. तुझी सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी, आणि वर कँटीनचा करक चहा. डाव्या मडगार्डवर ताटली ठेवून जेवायचो आपण. आता तर शुक्रवारही पूर्ण सुट्टीचा राहिला नाही, शनिवार-रविवार झालाय.

तुझा
सदानंद


मधलीवाडी, ता. गुहागर
६ ऑक्टोबर २०२४

साहेबांस तुकारामचा नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. हिरवी सुरू झाली हे वाचून मुक्ताला एवढ्या मोठ्याने हाक मारली की ती म्हणाली, बहिरे तुम्ही झालात, मी नाही. खजूर पूर्ण मिळाला. गणू सज्जन आहे.

इकडे सगळं ठीक. छोटा टेम्पो घेतलाय, काजूचा आणि आंब्याचा माल वाहतो. हॉर्न ऐकू येत नाही म्हणून आरसे मोठे लावलेत. वीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला, कान जायचेच. डॉक्टर म्हणाला, डाव्या कानात थोडं आहे, ते जपा. पण जपायचं म्हणजे काय करायचं ते त्याने सांगितलं नाही.

सीटचं म्हणाल तर सीटला हात लावू नका. उशी काढून बघा, म्हणजे डोकं खाली येईल. पाठ जरा रेलून बसा. वयाने पाठ आखडते, रेलायला शिकावं लागतं. तेवढ्यावर भागेल.

तुमची लेक मनालीताई कशा आहेत? त्या वेळी त्यांना ताप होता तेव्हा मुक्ताने देवीला नारळ बोलला होता. मी आलो त्याच आठवड्यात फेडला. पण तिचं समाधान झालं नाही. दर शिमग्याला पालखी दारात आली की मनालीताईंच्या नावाने एक नारळ देते.

आपला
तुकाराम


अल रीम आयलंड, अबू धाबी
२६ ऑक्टोबर २०२४

प्रिय तुकाराम,

तुझे दोन्ही उपाय केले. उशी काढली, त्यामुळे आता बुडाला चारही बोल्ट मोजता येतात. रेललो, तर हात स्टिअरिंगपर्यंत पोचेनात आणि गुडघे मात्र होते तिथेच. तपासनिसाला फोटो पाठवला. तो म्हणाला, ‘सर, हे बसणं नाही, हे झोपणं आहे.’

मग तुझं न ऐकता सीट काढली. खालचा पत्रा उतरवून ते चार बोल्ट सोडवायला सव्वा तास लागला, असे आवळलेत तू. आणि सीट बाजूला केल्यावर पुढच्या बोल्टाच्या भोकाजवळ मला ते अक्षर दिसलं. लोखंडी पंचाने टिंबं ठोकून काढलेलं. ‘तु’.

मी हेडमास्तरांचा मुलगा. आधी मनातल्या मनात लाल पेन काढलं आणि दुसरा उकार दिला. तुझं ऱ्हस्व-दीर्घ कच्चं असणार हे मी धरूनच चाललो होतो. आणि मग काय वाचतोय ते कळलं, तसा पायरीवर जाऊन बसलो. सहा वर्षं मी तुला सांगत होतो, तुकाराम, इथे मला साहेब म्हणू नकोस, सदानंद म्हण, तू म्हण. तू हसून ‘बरं साहेब’ म्हणायचास. आणि जाताना लोखंडात लिहून गेलास. ही जागा तुझी, असंच ना?

मला एवढा आनंद कितीतरी वर्षांत झाला नव्हता. सीट होती त्याच भोकांत परत बसवलीय आणि आता ती हलवणार नाही. तू माझ्यासाठी जागा केलीस आणि मला ती होत नाही, म्हणजे दोष माझ्या अंगाचा. मान वाकवून चालवीन. तपासनिसाला गोड बोलून बघतो. नाहीच सोडलं तर नाही.

मनाली मजेत आहे, टोरांटोला असते. ते नारळाचं मुक्ताबाईंना सांग, आता पुरे.

तुझा
सदानंद


मधलीवाडी
१२ नोव्हेंबर २०२४

साहेबांस नमस्कार.

साहेब, तो ‘तू’ नाही. ‘तु.’ आहे. पुढे टिंब ठोकलं होतं, ते रंगात बुजलं असेल. तुकारामचा तु. आमच्या गुरुजींनी पाठीवर छडी मोडून शिकवलंय, माझा उकार चुकत नाही.

हे लिहायचं नव्हतं. पण तुम्ही मान वाकवून चालवणार म्हणता. तो बार मी वेल्ड केलाय आणि तो कशासाठी असतो ते मला माहीत आहे. म्हणून सांगतो.

सीट पुढे-मागे करायला रेल लावली असती तर सीट इंचभर उचलली गेली असती आणि तुमचं डोकं बारच्या वर गेलं असतं. म्हणून रेल न लावता सीट थेट फरशीला बोल्ट केली. तुमची जागा मी आधीच पाडली होती. आत्ताच्या भोकांपासून हातभर नाही, पण चांगली चार बोटं मागे, काळ्या डांबरी शीटखाली बघा. चार भोकं आहेत, रबराने बुजवलेली. तिथे ‘सा.’ ठोकलंय. साहेबांचं सा.

दुसरी भोकं मी शेवटच्या शुक्रवारी पाडली. १३ एप्रिल. माझा व्हिसा कॅन्सल झाला होता, रविवारी विमान होतं. इंजिन त्याच आठवड्यात लागलं होतं. तुम्ही बोलला होतात, इंजिन लागलं की शेडच्या अंगणात पहिला राउंड तुकारामचा. नऊला चावी घेऊन येतो म्हणालात. मी सहालाच गेलो. माझी उंची पाच फूट दोन इंच, तुमच्या जागेवरून माझा पाय क्लचपर्यंत पोचत नव्हता. मग ड्रिल घेतलं, सीट पुढे आणली, खाली लाकडाच्या पट्ट्या देऊन थोडी उचलली. बसलो. पाठ टेकवून मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर बरोबर आलं. क्लच दाबला, एक-दोन-तीन-चार गिअर टाकून बघितले. मग तुमचा फोन आला, मनालीला ताप आहे, जमत नाही. मुलीपुढे गाडी काय. मी म्हटलं, तुम्ही घरीच थांबा.

सीट मागे घ्यायला त्या दिवशी वेळ होता. हात उचलला नाही. दुसऱ्याच्या गाडीत आपली जागा करून ठेवली, ही चूक माझी. तुमच्या पहिल्या पत्रालाच सांगायला पाहिजे होतं, लाज वाटली.

आता सीट ‘सा.’वर घ्या, पट्ट्या काढून टाका आणि ट्रॅकवर जा.

आपला
तुकाराम


अल रीम आयलंड, अबू धाबी
७ डिसेंबर २०२४

प्रिय तुकाराम,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो आणि उठतो.

तू म्हणालास तसं केलं. शीटखाली ‘सा.’ सापडलं. सीट तिथे घेतली, बसलो आणि सगळं जिथल्या तिथे आलं. गुडघे मोकळे, क्लच शेवटपर्यंत, डोकं बारच्या तीन बोटं खाली. तपासनिसाने हात लावून पाहिलं आणि ‘खलास, पास’ म्हणाला. मी तिथे बसून राहिलो आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

त्या शुक्रवारी मनालीला ताप नव्हता.

ती मैत्रिणींबरोबर दुबईत ऊद मेथाला गॅदरिंगच्या तालमीला गेली होती, ठणठणीत. मला अबू धाबीच्या कंपनीतल्या बड्या माणसाने घरी जेवायला बोलावलं होतं. नोकरी तिथेच ठरणार होती. साडेआठला त्याचा फोन आला आणि मी सूट चढवला. तुला खरं सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास? ‘जा साहेब’ हेच. तेही मला ठाऊक होतं. पण जेवणासाठी तुला बसवून ठेवतोय हे तोंडातून निघेना आणि ताप निघाला. चावी माझ्या खिशात होती. त्या माणसाच्या दिवाणखान्यात ती मांडीला टोचत होती, हे अजून आठवतं.

नंतर पहिला राउंड हे शब्द मी विसरून गेलो. खरंच विसरलो, आणि ते खोटं बोलण्यापेक्षा वाईट आहे. तू मात्र सात वर्षं माझ्या मुलीच्या तापाची चौकशी करतोयस. सात नारळ, तुकाराम. मी मोजले.

आता माझं ऐक. २५ जानेवारीला ये. व्हिजिट व्हिसा मी काढतो. तू टेम्पो चालवतोस, लायसन्स आहे, बंद ट्रॅकवर ते चालतं, विचारून घेतलंय. सीट ‘तु.’वर परत नेतो. पहिली पाळी तुझी.

सदानंद


मधलीवाडी
२२ डिसेंबर २०२४

साहेबांना मुक्ताबाईचा नमस्कार.

हे लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. अक्षर लावून घ्या.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस यांनी टेम्पो बाहेर काढला नाही. नारळांचं म्हणाल तर पोरगी सुखात आहे, म्हणजे देवीला पोचले. पण तुम्ही पोरीच्या नावाने खोटं बोललात ते बरं केलं नाहीत. हे मनात ठेवलं असतं तर मला जेवण गेलं नसतं, म्हणून लिहिलं. आता विषय संपला.

हे म्हणतात, मी बहिरा माणूस, तिकडे येऊन काय करू. ते खरं नाही. आमच्या पडवीत एक खुर्ची आहे. ती भिंतीपासून बोटांनी मोजून ठेवलेली असते. केर काढताना कुणी सारली की चिडतात. संध्याकाळी तिच्यावर बसतात आणि भिंतीला पाय दाबतात, आधी डावा, मग उजवा. भिंतीचा रंग दोन ठिकाणी गेलाय. इतकी वर्षं मी समजत होते, गुडघ्यांचा व्यायाम करतात. परवा तुमचं पत्र वाचलं तेव्हा कळलं.

पासपोर्ट अजून तीन वर्षं चालतो. ट्रंकेतून काढून ठेवलाय. तिकीट पाठवा.

मुक्ताबाई


अल रीम आयलंड, अबू धाबी
४ जानेवारी २०२५

प्रिय तुकाराम,

व्हिसा आणि तिकीट गणूच्या हाती देतोय, तो पुन्हा सुट्टीवर निघालाय, या माणसाला काम कधी असतं कोण जाणे. २३ तारखेला शारजाच्या विमानतळावर मी उभा असेन. या वेळी नऊ म्हणजे नऊ.

तू विचारशील, दोघं एकाच दिवशी कसे चालवणार. ती काळजी करू नकोस. सीटला नवे सोपे बोल्ट बसवून घेतलेत, दहा मिनिटांत मागे-पुढे होते. तुझी पाळी झाली की ‘सा.’वर घेऊ आणि दुसरी पाळी माझी. मध्ये अर्धा तास आहे, चहा पिऊनही वेळ उरेल.

सुकटीची चटणी आणायला विसरू नकोस.

सदानंद


मधलीवाडी
१६ फेब्रुवारी २०२५

सदानंद,

एवढा एक शब्द लिहायला चार कागद फाडले. आता लिहिलाय, तर तसाच राहू दे.

सुखरूप पोचलो. मुक्ताने पहिली तुझी चौकशी केली आणि मग माझी. वाडीत सगळ्यांना सांगून झालंय. स्टिअरिंग डाव्या बाजूला आणि गिअर उजव्या हाताला, हे कुणाला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. पहिल्या दोन वळणांना माझा डावा हात गिअर शोधत दारावर आपटत होता आणि तू बाजूच्या सीटवर हसत होतास. तुझं हसू ऐकू आलं नाही, पण तुझे खांदे दिसत होते.

एक सांगायचं राहिलं. गाडी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, कान नाहीत, गिअर कधी बदलायचा हे कळणार कसं. पण सगळं खालून येत होतं. इंजिन जड झालं की पाठीला कळायचं, मोकळं झालं की मांडीला. सीट फरशीला थेट आवळलीय ना, म्हणून. रेल लावली असती तर हे कळलं नसतं. सात वर्षांनी मला एवढं स्पष्ट काही ऐकू आलं होतं.

आता खरी गोष्ट. वीस मिनिटं झाली, आपण बाहेर आलो. तू चहा आणायला गेलास तेव्हा मी वाकून खाली पाहिलं. बोल्ट माझेच होते. तेच जुने, माझ्याच पान्याच्या खुणा असलेले. नवे-सोपे असं काही नव्हतं. ते सोडवायला सव्वा तास लागतो हे तूच मला लिहिलं होतंस, आणि तुझ्या हाती अर्धाच तास होता. तू चहा घेऊन आलास आणि म्हणालास, आज पाठ धरलीय, दुसरी पाळीही तूच घे. पाठ धरलेला माणूस दोन ग्लास घेऊन पायऱ्या धावत चढत नाही.

मला सगळं कळलं होतं. मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण झेंडा घेतलेला माणूस यल्ला यल्ला करून घाई करत होता, आणि मला पुन्हा जायचं होतं. म्हणून बहिऱ्यासारखा बसलो आणि पट्टे आवळून घेतले. तुझी ती एकच इच्छा होती आणि ती मी घेतली. दुसऱ्या पाळीत मी जास्त जोरात चालवली. मला फार आनंद झाला, तो लपवत नाही.

त्या तापाचं आता काढू नकोस. फिटलं.

गाडी गेली असेल एव्हाना. नव्या माणसाला सीटखालची दोन्ही अक्षरं दाखवलीस का? नसशील दाखवली तर राहू दे. त्याला मराठी कुठून येणार.

मुक्ता म्हणते, ठाण्याला गेलात की आठ दिवसांत इकडे या, दोघांनीही. मीही तेच म्हणतो. आमच्या टेम्पोची सीट काढून चार बोटं मागे नवी भोकं पाडलीत. मापं जुन्या वहीत होती, तेलाच्या डब्यावर बसवून घेतलेली. पोटासाठी अर्धं बोट जास्त धरलंय. मालाला तेवढी जागा कमी झाली, होऊ दे. खाडीच्या कडेने रस्ता बरा आहे, सकाळी वाहनं नसतात.

भोकाशेजारी पंचाने अक्षर ठोकलंय. ‘तू’. दुसरा उकार आहे आणि पुढे टिंब नाही, तेव्हा लाल पेन आणू नकोस.

पहिला राउंड तुझा. चावी गाडीलाच असते.

तुकाराम